काचघरातली लागण

६ फेब्रुवारी

शास्त्रीणबाईंना मामाचे आशीर्वाद, आणि सोबत एक आजारी पान.

पान मेणकागदात गुंडाळलं आहे. टोमॅटोचं आहे. हे तुला सांगायला नको, पण तुम्ही लोक सगळं भिंगातून बघता, म्हणून सांगून ठेवतो. दाराजवळच्या पहिल्या रांगेत आधी चार-पाच झाडांची पानं अशी झाली. हिरव्यावर फिकट हिरवे चट्टे, कुणीतरी अर्धवट रंगवून सोडून दिल्यासारखे. मग पान अरुंद होतं, सुरकुततं, आणि शेंडा रुसून बसतो. फळ धरतं ते लहान, कापलं तर आत तपकिरी. आता दुसरी रांगही त्याच वाटेवर आहे आणि पहिला तोडा तोंडावर आला आहे.

फोन का केला नाही म्हणून विचारशील. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुझी मामी ऐकते. पत्र बरं.

माझ्या काचघरात रोग यायचं खरं तर काही कारण नाही. हे काचघर मी आणि मुकादमाने मिळून उभं केलं, एकेक काच दोघांनी दोन बाजूंनी धरून बसवली. आजही रोज सकाळी कामगार यायच्या आधी मी एकटा आत फिरतो आणि एक दिवसाआड झाडांच्या बगलेतली फूट स्वतःच्या अंगठ्याच्या नखाने खुडतो. कात्री लावू देत नाही. झाडाला हात कळतो. पाइप ओढायचं सोडल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून तर नाक इतकं तिखट झालंय की कुठल्या रांगेत पाणी जास्त झालं ते मी वासावरून सांगतो.

माझा संशय शेजाऱ्यावर आहे. त्याचं काचघर माझ्यापेक्षा नवीन आहे, मध्ये फक्त कुंपण आहे, आणि तो त्या कुंपणाशी विनाकारण उभा असतो. औषधाचं नाव लवकर कळव.

तुझा मामा

१९ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार, तोही हात धुऊन.

तुमचं पान मिळालं. हातमोजे घालूनच उघडलं. भिंगात काही दिसलं नाही, कारण हा प्राणी भिंगाच्या आवाक्यातला नाही, आणि प्राणीही नाही. चाचणी केली. विषाणू आहे. पहिल्यांदा तंबाखूच्या झाडांत सापडला म्हणून त्याच्या नावात तंबाखू आहे, पण टोमॅटो त्याला तितकाच आवडतो.

मक्याचं कणीस डोळ्यांसमोर आणा. दाणे म्हणजे प्रथिनाचे एकसारखे तुकडे. मधल्या दांड्याच्या जागी एक गुंडाळलेला धागा. झाला विषाणू. तोंड नाही, पोट नाही, पाय नाहीत. वाळक्या पानात वर्षानुवर्षं पडून राहिला तरी मरत नाही, कारण मरायला आधी जिवंत असावं लागतं.

झाडाच्या पेशीला जाड भिंत असते. ती फोडणं त्याच्या बापाला जमणार नाही. त्याला आयती जखम लागते. मोठी नको, पानावरचा एक केस मोडला तरी पुरे. आत गेला की दाणे गळायला लागतात आणि धागा मोकळा होतो. तो धागा म्हणजे एक मजकूर आहे. पेशीत मजकूर वाचून प्रथिनं बनवणारी यंत्रं असतात, आणि हा मजकूर घरचा की परक्याचा हे ती विचारत नाहीत. समोर आला की वाचतात. तो त्यांच्याकडून सगळ्यात आधी बनवून घेतो ते स्वतःच्या नकला काढणारं यंत्र. मग धाग्याची उलट नक्कल, उलटवरून पुन्हा सुलट, सुलटच्या शेकड्यांनी. मग एक प्रथिन असं, जे शेजारच्या पेशीकडे जाणाऱ्या बारीक वाटा रुंद करतं. म्हणजे पहिली भिंत ओलांडायला जखम लागली, पुढे आतल्या आत रस्ता. शेवटी नवे दाणे तयार होतात आणि एकेका धाग्याभोवती आपोआप जाऊन बसतात. थोडक्यात, सगळं काम पेशीतलीच मंडळी करतात. बाहेरचा नुसता हुकूम घेऊन येतो.

म्हणून औषध नाही. यंत्रं झाडाचीच आहेत. ती बंद पाडली तर झाडही बंद पडेल.

उपाय एवढाच. आजारी झाडं मुळासकट काढून, पिशवीत बांधून, लांब नेऊन जाळा. ज्याने काढली त्याने त्या दिवशी चांगल्या झाडाला हात लावायचा नाही. शेजाऱ्याला सोडून द्या, हा वाऱ्याने येत नाही. हा हातांनी पसरतो. आत जाताना साबणाने हात धुवायचे आणि मग साय काढलेल्या दुधात बुडवायचे. चेष्टा नाही, दुधातली प्रथिनं त्याला अडवतात. आणि काम करणाऱ्यांनी तंबाखू खिशातसुद्धा ठेवायची नाही. वाळवून, कापून, डब्यात भरलेल्या तंबाखूतही तो कधीकधी शाबूत असतो. तुम्ही पाइप सोडलात ते बरं झालं, नाहीतर पहिला संशय मी तुमच्यावरच घेतला असता.

तुमची भाची

२७ फेब्रुवारी

शास्त्रीणबाईंना आशीर्वाद.

तुझं पत्र फार कामाला आलं. सगळ्या कामगारांना काचघरासमोर उभं केलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. ‘सगळं काम पेशीतलीच मंडळी करतात’ हे वाक्य दोनदा वाचलं. तू शास्त्र लिहिलंस, पण त्यात माणसांची पारख आहे. शेजाऱ्यावर माझा उगाच डोळा होता. रोग घरातूनच निघतो.

त्याच दिवसापासून दारात साबण, पाणी आणि दुधाची बादली ठेवली. सगळे मुकाट्याने हात बुडवतात. एकाने विचारलं, मालकांनीही बुडवायचे का. मी पत्र पुन्हा काढून दाखवलं. त्यात ‘काम करणाऱ्यांनी’ असं स्वच्छ लिहिलं आहे.

मग झडती घेतली. मला ते आवडलं नाही, पण रोगापुढे भिडेला जागा नसते. तंबाखू सापडली. कोणाकडे सापडली ते ऐकलंस तर तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून लिहीत नाही. बंदोबस्त केला आहे. आजारी झाडं जाळली. आता काळजीचं कारण उरलं नाही.

तुझी मामी विचारते आहे की घरातलं दूध जातं कुठे. तिला यातलं काही सांगू नकोस. ती उगाच मनाला लावून घेते.

तुझा मामा

८ मार्च

ती. मामांना नमस्कार.

‘बंदोबस्त’ म्हणजे काय ते तुम्ही लिहिलं नाहीत. आईने सांगितलं. मुकादमकाका आता तुमच्याकडे नाहीत म्हणे.

मामा, मला हे पटत नाही. काचांवर वाफ साठली की बोटाने त्यावर चित्रं काढायला मला त्यांनी शिकवलं, आणि तुम्ही ओरडायला आलात की तेच हाताने पुसायचेही. त्यांना तंबाखूचं व्यसन असल्याचं मी कधी पाहिलं नाही. बरं, सापडली असेल. तरी खिशात सापडणं आणि रोग पसरवणं यात अंतर आहे. त्यांच्या तंबाखूत विषाणू होता का हे कुणी तपासलं? आणि ‘पेशीतली मंडळी’ म्हणजे मी पेशीतल्या यंत्रांबद्दल लिहिलं होतं. मुकादमांबद्दल नाही. माझं वाक्य घेऊन तुम्ही माणूस काढलात याचा मला त्रास होतोय.

इथे माझीही डोकेदुखी वेगळी नाही. माझ्या टेबलाशेजारी निरोगी रोपांचा एक ताटवा होता, वर्षभराच्या कामाचा पाया. त्याला तुमच्यासारखेच चट्टे आले. आमच्याकडे एक सहकारी आहे, त्याला सगळे बडबड्या म्हणतात. बोलताबोलता दुसऱ्याच्या रोपांना हात लावायची त्याला खोड आहे. मी अनेकदा सांगून पाहिलं. शेवटी वरिष्ठांकडे तक्रार केली. त्याला तळघरातल्या शीतखोलीच्या कामावर पाठवलं आहे. पण मी तक्रार करण्याआधी नीट विचार केला होता. तुमच्यासारखं तिरमिरीत नाही केलं.

मुकादमकाकांना परत बोलवा.

तुमची भाची

२० मार्च

आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुकादमाची तू बाजू घेणार हे मला माहीत होतं. पण आता पुढचं ऐक, म्हणजे तुझ्या शास्त्रालाही काही शिकायला मिळेल.

तो कुठे आहे ठाऊक आहे? शेजाऱ्याकडे. इथून निघाला आणि आठवड्यात कुंपणापलीकडे. आणि शेजाऱ्याच्या काचघरात एक डागी पान नाही. मी स्वतः कुंपणाशी उभा राहून पाहिलं. माझ्याकडे मात्र तिसरी रांग गेली, चौथी चालली आहे. याचा अर्थ काय? ज्याला रोग कुठे टाकायचा हे कळतं, त्यालाच तो कुठे टाकायचा नाही हेही कळतं. इथून जाताजाता काहीतरी करून गेला असणार.

तुझी मामी म्हणाली, असं असेल तर तो गेल्यावर एवढ्या दिवसांनी नवी झाडं का पडतायत. तिला सांगितलं, विषाणू फार चिवट असतो, भाचीने लिहिलंय.

नवीन मुकादम ठेवला आहे. मी म्हणेन त्याला हो म्हणतो. पाणी जास्त झालं म्हटलं की हो, कमी झालं म्हटलं की हो. जुन्याशी रोज सकाळी एकदा तरी वाद व्हायचा, त्याने माझं रक्त तापायचं आणि दिवस नीट सुरू व्हायचा. हल्ली मी सकाळी जास्तच वेळ आत फिरतो. मन लागत नाही, हाताला तेवढाच चाळा. बोलायला कोणी नाही म्हणून झाडांशी बोलतो, आणि फूट खुडतो. पूर्वी एक दिवसाआड खुडायचो, आता रोज.

तुझ्या रोपांचं ऐकून वाईट वाटलं. बडबड्याला तू घालवलंस ते योग्य केलंस. माणूस कितीही जवळचा असला तरी नियम म्हणजे नियम. आपण मामा-भाची एका मातीचे.

तुझा मामा

४ एप्रिल

ती. मामांना नमस्कार.

हे पत्र एकट्याने वाचा. मामीसमोर नको.

बडबड्या खाली जाऊन बरेच दिवस झाले, तरी माझी रोपं आजारी पडतच राहिली. ताटव्यातली सगळी नव्हेत. टेबलाच्या ज्या कोपऱ्यावर बसून मी टपाल वाचते, त्या कोपऱ्याला लागून असलेली. हे बघायला मला इतके दिवस लागले याची लाज वाटते.

तुमचं पान मी हातमोजे घालून उघडलं होतं. तुमची पत्रं उघड्या हाताने उघडली. पत्राला कोण हातमोजे घालतं? वाचायचं, हसायचं, घडी घालायची आणि तेच हात घेऊन रोपांकडे वळायचं. तुमचं शेवटचं पत्र उलगडताना घडीतून काहीतरी टेबलावर पडलं. तपकिरी, कुरकुरीत, चिमटीत मावेल एवढं. हुंगून बघितलं. लहानपणी तुमच्या मांडीवर बसल्यावर यायचा तोच वास.

तंबाखू होती, मामा. पाइपाची.

मी ती पाण्यात कुटली आणि चाचणीच्या झाडाच्या पानावर चोळली, अर्ध्या पानावर. उरलेल्या अर्ध्यावर नुसतं पाणी चोळलं. हे झाड असं आहे की विषाणू शिरला, तर शिरला त्या जागेभोवतीच्या पेशी ते स्वतःच मारून टाकतं आणि तिथे ठिपका उमटतो. काही दिवसांनी पानाचा पाण्याकडचा अर्धा भाग स्वच्छ होता आणि तंबाखूकडचा गोवर आल्यासारखा ठिपक्यांनी भरला.

हे पत्र तुम्ही मुकादमकाका गेल्यानंतर लिहिलंत. ती तंबाखू त्यांची असू शकत नाही.

मग मी तुमची सगळी पत्रं पुन्हा वाचली, या वेळी हातमोजे घालून. सकाळी सगळ्यांच्या आधी आत कोण जातं? दुधात हात कोण बुडवत नाही? पेशीची भिंत फोडायला जखम लागते असं मी लिहिलं होतं. प्रत्येक झाडाला रोज ताजी जखम कोण करतं? पाइपात तंबाखू ज्या अंगठ्याने दाबायची, त्याच अंगठ्याने फूट खुडायची. विषाणूला तुमच्याहून चांगला गडी मिळाला नसता. मुकादमकाका गेल्यावर तुम्ही जास्त फिरलात, म्हणून रोगही जास्त फिरला. शेजाऱ्याचं काचघर चांगलं आहे, कारण तिथे तुम्ही नाही.

पाइपाबद्दल मी कुणाला सांगणार नाही. मुकादमकाकांबद्दल काय करायचं ते तुम्हीच ठरवा. मला बडबड्याकडे जायचं आहे, आणि मी रोज ते उद्यावर ढकलते आहे.

तुमची भाची

१० मे

प्रिय पोरी,

तुझे मामा लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.

तुझं पत्र आलं, ते त्यांनी अंगणात उभ्याने वाचलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाले, शास्त्र आहे, तुला कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी सदरा धुवायला टाकताना मी ते काढून वाचलं. सगळं कळलं. तू चांगलं सोपं लिहितेस.

पाइपाचं म्हणशील तर, गेली दोन वर्षं त्यांच्या कपड्यांना वास येत होता. मी समजत होते की टोमॅटोच्या पानांचाच तो वास. खोटं कशाला लिहू, मी तसं समजायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी बंद सांगितल्यावर त्यांनी मला शब्द दिला होता आणि मी तो सगळ्या नातेवाइकांत मिरवला होता.

मग मी मुकादमांच्या बायकोकडे गेले. ती आधी बोलेना. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग हळूहळू बोलली. मला घरात सापडू नये म्हणून तुझे मामा तंबाखूची पिशवी मुकादमांकडे ठेवायला द्यायचे. सकाळी घ्यायची, फेरी झाली की परत द्यायची. चामड्याची पिशवी, लग्नानंतर मीच शिवून दिलेली. झडतीच्या दिवशी बाकीच्यांना अपमान वाटू नये म्हणून मुकादम स्वतः पहिले पुढे आले, म्हणाले, माझी आधी घ्या. खिशात काय आहे हे ते विसरलेच होते. रोजचीच गोष्ट ती, अंगवळणी पडलेली. पिशवी निघाली. तुझ्या मामांनी तिच्याकडे पाहिलं. मुकादमांनी तुझ्या मामांकडे पाहिलं. सगळे कामगार बघत होते. मग तुझे मामा म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मुकादम म्हणाले, बरं.

एवढंच. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, मी पिशवीचं नाव घेतलं असतं तर वहिनींना कळलं असतं. म्हणजे माझ्यासाठी गप्प बसले ते. आणि तुझे मामाही म्हणे माझ्यासाठीच लपवत होते. माझ्यासाठी एवढं सगळं चाललं होतं आणि मला फक्त दूध कमी पडत होतं.

घरी आले. त्यांच्या बिछान्याखालून पिशवी काढली आणि जेवताना त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी ती डाव्या हाताने जरा बाजूला सरकवली. जेवण पूर्ण झालं, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं पीक उपटलं. चांगलं, वाईट, सगळं. कामगारांबरोबर स्वतः उपटत होते, आता त्यांच्या हातांनी बिघडायचं काही राहिलं नव्हतं. जाळ पेटला तेव्हा तिथे थांबले नाहीत. कुंपणाला वळसा घालून शेजाऱ्याकडे गेले. पुढचं मला शेजाऱ्याने सांगितलं, तो कुंपणाशी असतोच.

मुकादम दारात आले आणि म्हणाले, “मालक, आधी हात.”

तिथेही बादली होती. तुझ्या मामांनी हात धुतले, दुधात बुडवले आणि तसेच ओले हात पुढे धरून उभे राहिले. म्हणाले, “परत या.”

मुकादम म्हणाले, “ज्यांच्यासमोर काढलंत, त्यांच्यासमोर सांगा काय झालं ते. मग येतो. आणि मी आलो की तुम्ही आत पाऊल टाकायचं नाही.”

“माझ्याच काचघरात?”

“हो.”

घरी येऊन मला म्हणाले, शेजाऱ्याच्या दुधात पाणी आहे.

आठ-दहा दिवस काही नाही. मग गेल्या रविवारी सगळ्यांना बोलावलं. कामगार, मुकादम, त्यांची बायको, मी. हातात मक्याचं कणीस घेऊन उभे राहिले आणि तू लिहिलेलं सगळं सांगायला लागले. धागा, दाणे, भिंत, नकला, उलट, सुलट. दाणे सोलून दाखवले. चांगलं सांगत होते, पण फार वेळ सांगत होते. कामगार एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या लक्षात आलं की त्यांना शेवटाला पोचायचंच नाहीये. पेशीच्या आत त्यांना बरं वाटत होतं.

दाणे संपले. नुसता दांडा हातात राहिला. मग म्हणाले, “भिंत फुटते ती नखाने. ते नख माझं. रोज सकाळी मीच रोग वाटत फिरत होतो. तंबाखूही माझीच. पिशवी मला त्या दिवशी ओळखता आली नाही, असं नाही.”

पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. दांडा धरून उभेच राहिले. मला उठावंसं वाटलं, पण मी उठले नाही. मुकादम उठले, पॅंट झटकली आणि कामगारांना म्हणाले, “चला, काचा धुवायच्या आहेत.”

तुझी मामी

ता. क. पत्र लिहिण्याआधी हात धुतले आहेत. दुधात नाही बुडवले, मला चहाला लागतं.

२१ मे

ती. मामांना नमस्कार.

मामीचं पत्र आलं. त्यावर मी काही बोलत नाही. माझं ऐका.

बडबड्याकडे जायला मी तीनदा निघाले. एकदा जिन्यातून परत आले, एकदा शीतखोलीच्या दारावरून. तिसऱ्यांदा आत गेले. तो कोट घालून, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसला होता. मी त्याला सांगायला लागले की हा विषाणू किती टिकाऊ असतो, कागदावरसुद्धा कसा राहतो, वाळलेल्या पानातून कसा येतो. बराच वेळ सांगत होते. त्यालाही हे सगळं माझ्याइतकंच माहीत आहे. तो एक शब्द बोलला नाही, आणि तो बडबड्या आहे. शेवटी म्हणाला, “तू माफी मागते आहेस का?”

मी म्हटलं, “हो. तिकडेच येत होते.”

“मग ये लवकर, इथे थंडी आहे.”

मागितली. वरिष्ठांनाही लेखी कळवलं की चूक माझी होती. त्यांनी त्याला त्याच दिवशी वर बोलावलं. तो यायला तयार नाही. म्हणतो, खाली शांत आहे, आणि बाटल्या कुणाची तक्रार करत नाहीत. आता रोज दुपारी मीच खाली जाते आणि कुडकुडत त्याची बडबड ऐकते. ही शिक्षा त्याने दिलेली नाही, मीच घेतली आहे, आणि मला ती वाटली तेवढी जड जात नाही.

रोपांचं काम पहिल्यापासून सुरू केलं. आता टपाल बाहेरच्या पायरीवर बसून वाचते.

एका मातीचे म्हणालात ते खरं आहे. माती बदलता येत नाही, हात धुता येतात.

तुमची भाची

३ ऑगस्ट

शास्त्रीणबाईंना आशीर्वाद.

बरेच दिवस लिहिलं नाही. कामात होतो.

मुकादम परत आला आहे. काचा, सुतळ्या, जमीन, सगळं धुऊन काढून त्याने नवी रोपं लावली. आता दहा रांगा उभ्या आहेत आणि एका पानाला डाग नाही. फळं धरली आहेत. काचेतून मोजायला अवघड जातं, पण भरपूर आहेत.

आत न जाण्याचा निर्णय मी विचारपूर्वक घेतला. मालकाने रोज हात घालत बसू नये, लांबून नजर ठेवावी, हे मी बऱ्याच दिवसांपासून म्हणत होतो. सकाळी मी काचघराला बाहेरून फेरी घालतो. कुठल्या झाडाची फूट काढायची राहिली, कुठे सुतळी सैल झाली, ते मला बाहेरून जास्त चांगलं दिसतं. मग काचेवर टकटक करतो आणि सांगतो. आतले सगळे वर बघून मान हलवतात. मुकादम तर दोनदा हलवतो. शिस्त आली आहे.

पाइप कुठे आहे ते तुझ्या मामीला ठाऊक आहे. मला नाही.

पहिलं पिकलेलं फळ त्याने बाहेर आणलं. माझ्या हातात दिलं नाही, कठड्यावर ठेवलं आणि बाजूला झाला. मी तिथेच उभ्याने खाल्लं. त्याने विचारलं, “कसं आहे?” मी म्हटलं, “पाणी थोडं जास्त झालंय.” तो म्हणाला, “मुळीच नाही.” आम्ही पाऊण तास भांडलो. कामगार काचेला नाक लावून बघत होते. फार दिवसांनी बरं वाटलं.

आता एक गोष्ट लिहितो, ती तुझ्यापुरती ठेव. काच जाड आहे. माझा आवाज आत कितपत जातो याची मला शंका होती. म्हणून काल मी टकटक केली आणि काहीच बोललो नाही. नुसते ओठ हलवले, चांगली दोन मिनिटं, हातवारे करून.

मुकादमाने दोनदा मान हलवली आणि कामाला लागला.

टोमॅटो उत्तम आले आहेत.

तुझा मामा